तिणवत्थारक आणि युद्धाचा निवाडा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे गाव दारे नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. चोरास शनिदेवच शासन करतील, ही त्यामागील श्रद्धा. दोषाचा निवाडा ग्रहावर सोपविण्याची ही रीत बुद्धधम्मास मान्य नाही. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आणि संघातील दोषांचा निवाडा संघानेच, सर्वांसमक्ष करावा, असा दंडक घालून दिला. परंतु राष्ट्राचा रणांगणावर पराभव होतो, तेव्हा निवाडा कोणी व कसा करावयाचा? हा प्रश्न एका मराठी संरक्षणमंत्र्यापुढे उभा राहिला होता.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस पाचारण करण्यात आले. २१ नोव्हेंबर रोजी, चीनची एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर झाली त्याच दिवशी, त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. देश संतप्त होता. कोणाला तरी दोषी ठरवावे, अशी सर्वत्र मागणी होती.

लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी तिचे निष्कर्ष संसदेपुढे मांडले. पर्वतीय युद्धाच्या शिक्षणातील उणीव, सामग्री आघाडीपर्यंत पोहोचविण्यातील अडचणी आणि वरिष्ठांचा कनिष्ठांच्या डावपेचांतील हस्तक्षेप त्यांनी मान्य केला. मात्र हेतू धडा घेण्याचा आहे, व्यक्तींची शिकार करण्याचा नाही, असे स्पष्ट करून सुरक्षिततेच्या व सैन्याच्या मनोधैर्याच्या कारणास्तव त्यांनी अहवाल गुप्त ठेवला.

या भूमिकेशी जुळणारी एक तरतूद विनयपिटकात आहे. चुल्लवग्गाच्या समथक्खंधकात कलह शमविण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांतील अखेरचा तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. भांडणात भिक्खूंकडून अनेक अनुचित कृत्ये घडली आणि प्रत्येकाचा हिशेब मांडल्यास कटुता वाढून संघभेद होईल अशी स्थिती असेल, तर ती कृत्ये एकत्रितपणे झाकावीत. अट्ठकथेचा दृष्टांत मार्मिक आहे: विष्ठा ढवळली तर दुर्गंधी पसरते, गवताने झाकली तर पसरत नाही. पराभूत सैन्याची पुनर्बांधणी करावयाची असताना चव्हाणांनी हेच केले, असे आम्हांस वाटते. १९६५ च्या युद्धात याच सैन्याला घेऊन त्यांना उभे राहावयाचे होते. १ सप्टेंबर रोजी छांब आघाडीवर हवाई दल वापरण्याचा निर्णय त्यांनी अल्पावधीत घेतला. सेनानींवरील विश्वासाशिवाय हे शक्य नव्हते.

तथापि तिणवत्थारकाला मर्यादा आहेत, आणि त्या विसरल्यास विनयाचा विपर्यास होईल. ही क्रिया गुपचूप होत नाही. सर्वांनी एकत्र जमावयाचे, प्रत्येक पक्षाच्या वतीने एका भिक्खूने संघासमोर आपत्तीची कबुली द्यावयाची. दोन गोष्टी गवताखाली जात नाहीत: स्थूल दोष आणि गृहस्थांशी संबंधित दोष. दुसरा अपवाद आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो. आपापसातील दोष संघाला झाकता येतात. बाहेरच्या माणसाविषयी घडलेला दोष मात्र संघ आपल्यापुरता मिटवू शकत नाही.

१९६२ च्या पराभवात जे जवान मृत्यू पावले, त्यांची कुटुंबे हीच ती बाहेरची माणसे. राजकीय धोरणाचे निर्णय तर चौकशीच्या कक्षेतच नव्हते. २०१४ मध्ये अहवालाचा मोठा भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी उघड केला. शासनाकडून मात्र तो अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला नाही. १९६३ चा संयम उचित होता. चव्हाणांनी निदान संसदेसमोर काही कबुली दिली. परंतु एका संकटकाळासाठी पसरलेले गवत सहा दशके तसेच ठेवणे, हा निवाडा नव्हे.

शनीवर भार टाकणारा भाविक आणि काळावर भार टाकणारे शासन यांत मग फारसे अंतर उरत नाही. सत्तेला क्षमा करण्याचा अधिकार आहे. परंतु कबुलीवाचून क्षमा नाही, हे विनयाचे सांगणे आहे.