कोलंबियातील निबंध आणि महाडचे भाषण

महाडचे नाव घेतले की १९२७ साल आठवते आणि त्याबरोबर सत्याग्रहाचे नेते बाबासाहेब आंबेडकर डोळ्यांसमोर उभे राहतात. त्या नेत्याच्या आधीचा विद्यार्थी मात्र आपण फारसा वाचत नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून येऊन घरात प्रथमच प्रबंध लिहू पाहणाऱ्या मुलामुलींपुढे तो विद्यार्थी ठेवावा, असे आम्हांस वाटते.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या त्यांनी प्रथम मांडल्या आणि मग एकेक तपासली. ज्ञानकोशकार होण्यापूर्वी केतकरांनी कॉर्नेल विद्यापीठात जातीवरच प्रबंध लिहिला होता. जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व, ही जातीची दोन लक्षणे त्यांनी सांगितली होती. आंबेडकरांनी दाखवले की ती वस्तुतः एकच आहेत. बाहेर विवाहच नसेल, तर जन्माखेरीज आत येण्यास वाट कोणती? अशा रीतीने गाळत गाळत एकच लक्षण उरले: अंतर्विवाह. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांची संगतीही त्यांनी त्याच सूत्राने लावली. ज्येष्ठांचा आदर राखून त्यांच्याशी असहमत कसे व्हावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

पुढचा टप्पा लंडनचा. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. १९२३ मध्ये सुधारलेला प्रबंध मान्य झाला आणि त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद नोंदवले, तरी विवेचनातील ताजेपणाची प्रशंसा केली. परत आलेला प्रबंध म्हणजे नापसंतीचा शिक्का नव्हे, हे आजच्या संशोधकानेही ध्यानी घ्यावे.

या शिस्तीचे फलित महाडला दिसते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. २५ डिसेंबरच्या महाडच्या भाषणात त्यांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या व्हर्सायच्या फ्रेंच सभेशी केली आणि पाण्याच्या हक्कावर न थांबता विवाहावरील बंदीपर्यंत विषय नेला. अकरा वर्षांपूर्वीचा सिद्धांतच येथे पुन्हा भेटतो. चर्चासत्रातला 'अंतर्विवाह' आता श्रोत्यांच्या ओळखीच्या बेटीबंदीच्या रूपाने समोर येतो. युक्तिवादाची बांधणी सैल होत नाही. श्रोता मात्र बदललेला असतो.

आमच्या वर्गांत प्रौढ लेखन म्हणजे अवघड शब्द, असा समज अजून रुजलेला आहे. ग्रामीण घरांतील विद्यार्थी त्या समजापायी स्वतःची भाषा टाकतात आणि तिच्याबरोबर स्वतःचा प्रश्नही हरवून बसतात. आंबेडकरांचा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे. परक्या भाषेत, परक्या विद्यापीठात कमावलेली तर्काची शिस्त त्यांनी आपल्या माणसांच्या भाषेत, आपल्या माणसांच्या प्रश्नासाठी वापरली. लेखनातील वाढ मोजायची, तर ती याच मापाने मोजावी.