नांदेड-लातूर परिसरातील गोड्या पाण्यातील मासेमारी : नदीकडून धरणाकडे

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात कापूस, ज्वारी आणि सावकारी यांच्या तुलनेत नदीकाठच्या भोई समाजाच्या उपजीविकेला फारच थोडी जागा मिळाली आहे. पालखी-मेणे वाहणे, होडीने माणसे पैलतीरी नेणे, उन्हाळ्यात नदीपात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या करणे आणि मासे धरणे असा हा संमिश्र व्यवसाय होता. रस्ते, रेल्वे व पूल झाले तशी पालखी गेली, होडी मागे पडली. मासेमारीवरचा भार वाढला.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच्या दशकांत मन्याडवर बारूळ, मांजरेवर धनेगाव आणि गोदावरीवर विष्णुपुरी येथे पाणी अडविले गेले. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची वाट त्यामुळे अडली. जलाशयात रोहू, कटला, मृगळ सोडले गेले. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत; म्हणून मत्स्यबीज पुन्हा पुन्हा सोडावे लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी कटक येथे प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केल्यामुळे असे बीज मुबलक मिळू लागले, हे खरे. परंतु नदी फुकट देत असलेला मासा आता भांडवल मागू लागला. ठेक्याची रक्कम, बीज, जाळी यांसाठी सहकारी संस्थेजवळ पैसा नसला की व्यापाऱ्याची उचल येते आणि उचलीबरोबर मासळीचा भावही तोच ठरवितो. कागदोपत्री ठेका संस्थेचा राहतो. सभासद मात्र स्वतःच्याच तलावावर मजूर ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते सहकाराचे खरे अपयश येथे आहे.

त्यात अवर्षण. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हवाच, याविषयी दुमत नाही. मात्र पाणी आटले की सोडलेले बीज व त्यावरील कर्ज दोन्ही मच्छीमाराच्या माथी येतात.

गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचा वाद सिंचन व पिण्याच्या पाण्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. हाच काळ माशांच्या चढणीचा. खालच्या श्रीरामसागरातून वर येणाऱ्या माशाला तेथे वाट मोकळी मिळते; पुढे विष्णुपुरी आहेच.