घरगुती ध्वनियंत्रणा

मुद्रित किंवा प्रक्षेपित ध्वनी घरात ऐकण्यासाठी एकमेकांना जोडलेल्या उपकरणांचा संच. बोलण्यात ‘म्युझिक सिस्टीम’. स्रोत, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही तिची मुख्य अंगे. ट्रान्झिस्टरमध्ये किंवा ब्लूटूथ स्पीकरमध्ये ती एकाच खोक्यात असतात. सुटी घेतली तर प्रत्येक अंग स्वतंत्रपणे निवडता आणि बदलता येते.

स्रोत : रेकॉर्ड प्लेअर, टेप डेक, सीडी प्लेअर, रेडिओ, मोबाइल इत्यादी. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईच्या कंपनांतून जेमतेम काही मिलिव्होल्टचा विद्युत् संकेत मिळतो. सीडी प्लेअरचा सुमारे २ व्होल्ट असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दबवलेले आणि वरचे उचललेले असतात (१९५४ पासूनचे ‘आरआयएए’ हे मानक). म्हणून रेकॉर्ड प्लेअरला ‘फोनो’ पूर्वविवर्धक लागतो. तो नसेल तर आवाज क्षीण आणि चिरका येतो, आणि दोष बिचाऱ्या सुईवर जातो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनी अंकांत साठवतात : दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. या अंकांचे पुन्हा विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या भागाला ‘डॅक’ म्हणतात. तो मोबाइलमध्येही असतो.

ॲम्प्लिफायर : याचा पहिला भाग स्रोत निवडतो व आवाजाची पातळी ठरवतो, दुसरा स्पीकर हलवण्याइतकी शक्ती पुरवतो. शक्ती वॉटमध्ये मोजतात, पण वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. एकेकाळी आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांतले आकडे छापलेले असत. ते निव्वळ जाहिरातीचे होते. पाहायचा तो सलग मिळणाऱ्या शक्तीचा, म्हणजे आरएमएसचा आकडा.

स्पीकर : चुंबकाच्या क्षेत्रातील तारेचे वेटोळे संकेताप्रमाणे मागेपुढे होते आणि त्याला जोडलेला शंकू हवा हलवतो. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली ही रचना मूलतः आजही तीच आहे. डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याच्या जवारीतले सूक्ष्म स्वर एकच शंकू नीट वाजवू शकत नाही. म्हणून खर्जासाठी मोठा वूफर, वरच्या स्वरांसाठी छोटा ट्वीटर आणि त्यांच्यात संकेताची वाटणी करणारे क्रॉसओव्हर मंडल असते. पेटी शोभेसाठी नसते. शंकूच्या मागून निघणाऱ्या लहरी पुढच्यांना मारतात, त्यांना ती अडवते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. स्पीकरचा विद्युत् अवरोध बहुधा ४ ते ८ ओहम असतो; ॲम्प्लिफायरला तो झेपतो का, हे खरेदीपूर्वी पाहावे.

मांडणी : स्टीरिओसाठी दोन स्पीकर व श्रोता साधारण समभुज त्रिकोणात हवेत. एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट जोडल्या गेल्या, तर खर्ज नाहीसा होतो आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायक हरवतो. स्पीकर कोपऱ्यात रेटल्यास उलट खर्ज फुगतो. उघड्या फरशीची, रिकाम्या भिंतींची खोली आवाज घुमवते. पडदे, सतरंजी व पुस्तकांचे कपाट तो बराच आवरतात.

अंतिम ध्वनीतला सर्वांत मोठा फरक स्पीकर आणि खोली यांमुळे पडतो. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा स्पीकरसाठी ठेवावा. महागड्या स्पीकर-वायरींची गरज नाही. घरातल्या अंतरासाठी पुरेशा जाडीची साधी तांब्याची वायर चालते.