दांडीवरचा इतिहास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्यात सलग पाच दिवस पाऊस. घरात पाऊल टाकलं की आधी नाकाला भेटायचा तो ओल्या कपड्यांचा कुबट वास. हॉलमध्ये स्टँड, बेडरूममध्ये आडवी दोरी, खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल आणि माझ्या लॅपटॉपसमोरच्या खुर्चीवर चिरंजिवांची शाळेची पँट. ती सोमवारी सकाळी सातच्या आत वाळणं हा आमच्या घरातला 'क्रिटिकल' दर्जाचा इश्यू होता.

शनिवारी सकाळी चहा करायला उठलो तर आई स्टुलावर चढलेली. वय ७२, उजवा खांदा आखडलेला, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ही बाई डाव्या हाताने ओलं बेडशीट दांडीवर फेकत होती.

"अगं आई, उतर आधी! एवढं मशीन कशाला घेतलंय मग?"

आई उतरली. शांतपणे म्हणाली, "मशीन धुतं रे. वाळत कोण घालतं?"

झालं. डोक्यात किडा वळवळायला लागला. इतकी वर्षं मी 'कपडे धुणं' हे एक काम समजत होतो. प्रत्यक्षात ती एक लांबलचक पाइपलाइन आहे: गोळा करणं, भिजवणं, घासणं, खळबळणं, पिळणं, वाळत घालणं, काढणं, घड्या घालणं, ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं. यातलं काय कधी बदललं आणि काय तसंच राहिलं? शनिवार-रविवार त्यातच गेले. बायको म्हणाली, "इतिहास शोधतोयस तोवर निदान ते पायमोजे तरी उलटे कर." केले.

सुरुवात साबणाच्या आधीपासून करू. आपल्याकडे मळ काढायला रिठा होता, राख होती, खारी माती होती. रिठ्याला फेस येतो कारण त्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. ते साबणासारखंच काम करतं, आणि रेशमी कपड्यांसाठी आजही लोक रिठा वापरतात. राखेत आणि खाऱ्या मातीत अल्कली, म्हणजे क्षार. ते तेलकट मळाला फोडतात.

मोठं धुणं मात्र परटाचं. गावगाड्यात परीट हा बलुतेदार. वर्षभर गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घ्यायचं. त्याची पद्धत आपल्या आजच्या मशीनपेक्षा सोपी नव्हती: कपडे खारात भिजवायचे, भट्टीवर वाफवायचे, दगडावर आपटायचे, खळबळायचे, निळीतून काढायचे, खळ द्यायची. कुणाचा कपडा कुठला हे कळावं म्हणून बिब्ब्याच्या चिकाने कोपऱ्यात खूण करायची. ती खूण धुऊन जात नाही. इंग्रजांनी बिब्ब्याला 'मार्किंग नट' असं नावच देऊन टाकलं. आम्ही डेटाबेसमध्ये प्रत्येक रेकॉर्डला 'युनिक आयडी' देतो आणि स्वतःला हुशार समजतो. परटाने ते आमच्या कितीतरी आधी केलं होतं.

संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) याच परीट समाजातले. आयुष्यभर हातात झाडू घेऊन गावं झाडत फिरलेला हा माणूस ज्या घरात जन्मला, त्या घराचा धंदा म्हणजे इतरांचा मळ काढणं. आणि याच परटाने धुतलेलं धोतर सोवळ्याला मात्र चालायचं नाही! ते पुन्हा घरी पाण्यातून काढायचं. म्हणजे कपडा स्वच्छ झाला, पण 'शुद्ध' झाला नाही. हे दोन शब्द आपण किती सहज एकमेकांच्या जागी वापरतो.

इथून गोष्ट आमच्या घरात शिरते.

आमच्या जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात छताला दोऱ्यांनी एक आडवा बांबू टांगलेला होता. वलणी. माझ्या पिढीत तिला नुसतं 'दांडी' म्हणायचे. आजी पहाटे स्वतःचं लुगडं स्वतः धुवायची, पिळायची आणि काठीने उचलून त्या उंच दांडीवर पसरायची. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ओलेत्याने काठीनेच काढायची. दांडी इतकी उंच का? तर येताजाता कुणाचा हात लागू नये म्हणून. लहानपणी मी चेंडू मारून एकदा ते लुगडं पाडलं होतं. आजी मला काही बोलली नाही. फक्त ते पुन्हा धुतलं. थंडीचे दिवस होते आणि तिचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात होतं. हे आज लिहिताना टोचतंय.

सोवळ्याचे नियम बरेचदा पुरुषांनी सांगायचे आणि त्याचं धुणं बायकांनी उपसायचं. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'च्या सुरुवातीला आपल्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड रंगवलंय. वाचताना हसू येतं. मग लक्षात येतं की ते सगळं निभावणाऱ्या त्यांच्या आईला हसू येत नसणार.

तर आमच्या घरातली दांडी उंच होती ती सोवळ्यासाठी. सोवळं आजीबरोबर गेलं. नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सुताराने विचारलं, दांडी कुठे लावू? बाबा म्हणाले, "नेहमीसारखी, वरती." कारण गेलं, उंची राहिली. आमच्या क्षेत्रात याला 'लेगसी' म्हणतात. का लिहिलंय ते कुणालाच माहीत नाही, पण काढायची हिंमत होत नाही!

शहरात उंचीचं कारण वेगळं होतं. मुंबईत १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग इथे दोनशेहून जास्त चाळी बांधल्या. त्याच त्या बीडीडी चाळी. एक खोली १६० चौरस फूट. त्यात अख्खं कुटुंब, आणि पुष्कळदा गावाकडचे दोन-तीन पाहुणे. जमीन झोपायला, बसायला, जेवायला लागते. मोकळी राहते ती फक्त वरची हवा. म्हणून कपडे वर, नाहीतर बाहेर गॅलरीत. चाळीचे जुने फोटो बघा. माणसांआधी दोऱ्याच दिसतात.

ज्यांना परवडायचं त्यांचे कपडे धोब्याकडे. महालक्ष्मीचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. दगडी हौदांच्या त्या रांगा रेल्वेच्या पुलावरून आजही दिसतात. तिथे पाहण्यासारखी खरी गोष्ट मला तरी हौदांच्या वरची वाटते. सगळ्या मोकळ्या आकाशात दोऱ्याच दोऱ्या. धुवायला एक हौद पुरतो. वाळवायला आभाळ लागतं.

आता साबण. लिव्हर बंधूंचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. पण साबणात चरबी असते ही शंका घराघरात होती. गोदरेजनी पहिल्या महायुद्धाच्या शेवटी वनस्पती तेलाचा साबण काढला, त्याला हीच पार्श्वभूमी. मग टाटांचा ५०१ बार आला. माझ्या आईच्या लहानपणी त्याच्या वड्या सुरीने कापून ठेवायचे म्हणे. १९५९ साली सर्फ आलं. साबण जड पाण्यात फाटतो, त्याचा चिकट थर कपड्यावर बसतो. डिटर्जंटचं तसं होत नाही. दख्खनच्या विहिरींचं पाणी वापरणाऱ्यांसाठी हा फरक मोठा होता. पण सर्फ महाग. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरामागे पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि तिला मुलीच्या नावावरून 'निरमा' नाव दिलं. ऐंशीच्या दशकात निरमा घराघरात पोचली आणि तिला उत्तर म्हणून टीव्हीवर सर्फच्या ललिताजी आल्या.

या सगळ्या जाहिराती मला पाठ होत्या. त्यांत कपडे दोरीवर फडफडताना हमखास दिसायचे. ते दोरीपर्यंत गेले कसे, हे मला आठवतं तितकं कुठेच दाखवलं नाही.

आमच्याकडे मशीन आलं १९९४ साली. दोन टबांचं, सेमी-ऑटोमॅटिक. शेजारपाजारचे बघायला आले, पेढे वाटले. बाबा सगळ्यांना सांगत होते, "आता हिला आराम." मीही तेच समजत होतो. परवा आईला सहज विचारलं, मशीन आल्यावर काम किती कमी झालं गं?

"कमी?" आई म्हणाली. "त्याआधी चादरी, अभ्रे, बाबांचे पांढरे शर्ट, सगळं धोबी न्यायचा. वही होती आपली. मशीन आलं आणि बाबांनी धोबी बंद केला. इस्त्रीपुरता ठेवला. तुम्ही दोघं भाऊ एकदा घातलेला टीशर्ट धुवायला टाकायला लागलात, मशीनच तर आहे म्हणून. घासायचं वाचलं, ते खरं. माझे हात सोलवटायचे थांबले. पण दांडीवर कपडे दुप्पट झाले."

हे ऐकून मी गप्पच झालो. कारण रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात अमेरिकेतल्या घरांबद्दल नेमकं हेच मांडलंय. घरात यंत्रं आली तेव्हा आधी जी कामं नोकर, मुलं, पुरुष किंवा बाहेरच्या लाँड्र्या करायच्या, ती घरातल्या बाईकडे परत आली. स्वच्छतेची अपेक्षाही वाढली. कष्ट हलके झाले, तास फारसे वाचले नाहीत. ते पुस्तक मी वाचलं होतं. आमच्याच घरात ते घडलंय हे मात्र कधी सुचलं नाही.

मग इंजिनिअरचा स्वभाव, हिशोब मांडला. आम्ही सहा माणसं: आजी, आई-बाबा, काका, आम्ही दोघं भाऊ. रोजचे साधारण २५ कपडे धरू. वर्षाचे ९,१२५. चाळीस वर्षांचे ३ लाख ६५ हजार. तेवढ्या वेळा एका हाताने वर जायचं. माणसं कमीजास्त झाली, आजारपणं आली, हे धरून आकडा थोडा कमी करा हवं तर. खांदा कशाने आखडला असेल, हे सांगायला मी काही डॉक्टर नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय उपाय सापडत नव्हता. ५ किलो कोरडे कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांत अडीच-तीन किलो पाणी असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा लागते. म्हणजे एका घाण्याला साधारण दोन युनिट. उन्हाळ्यात हे बिल सूर्य भरतो. पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, तिच्यात आणखी वाफ मावत नाही. मग कपड्याभोवतीची ओलावलेली हवा सारखी हलवत राहणं एवढंच हातात उरतं. म्हणून पंखा, आणि म्हणून दोन कपड्यांमध्ये अंतर. जुन्या बायकांना हे समीकरणाशिवाय माहीत होतं. बाळंतिणीच्या घरात पावसाळ्यात शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायचे आणि त्यावर बाळाची दुपटी पसरायचे. खालून गरम हवा, वर पातळ एकपदरी कापड. याहून चांगला ड्रायर कुठला?

तर रविवारी काय केलं? हार्डवेअरच्या दुकानातून कप्पीची दांडी आणली. दोरी सोडली की दांडी छातीच्या उंचीवर खाली येते, कपडे घातले की वर ओढायची. हजार-दीड हजारात काम झालं. तीस वर्षांपूर्वीही होऊ शकलं असतं. अडलं होतं ते एवढ्यासाठीच की दांडीची उंची ही आमच्यापैकी कुणाची अडचणच नव्हती.

दुसरा बदल, वाळत घालायचं काम माझं आणि काढायचं चिरंजिवांचं. पहिल्या दिवशी मी ऐटीत सगळं घालून टाकलं. आई आली, बघितलं आणि एकेक कपडा काढून परत घातला. म्हटलं, ठीक आहे, कोड रिव्ह्यू समजू. मग ती स्टुलावर बसली (या वेळी खरंच बसायला) आणि सांगत गेली. आधी झटक, मग घाल, सुरकुत्या अर्ध्या तिथेच जातात. शर्ट खालच्या बाजूने टांग. पँट उलटी कर, खिशांची पिशवी बाहेर आली पाहिजे, ओल तिथेच राहते. जाड कपडे खिडकीकडे. रंगीत सावलीत. चादर दुमडून घातलीस तर मधल्या तासाला फिरव.

चाळीस वर्षांचं हे सगळं तिच्या डोक्यात. डॉक्युमेंटेशन शून्य, कारण आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नाही.

आता दीड महिना झाला. काल आई म्हणाली, "बरे घालायला लागलास." तीन पर्फॉर्मन्स रिव्ह्यूंपेक्षा हे जास्त लागलं मला, चांगल्या अर्थाने. तुमच्या घरात दांडी किती उंच आहे आणि तिथे रोज कुणाचा हात जातो, एकदा बघा. जमलं तर आजच.

असो. बाहेर भुरभुर सुरू झाली, गॅलरीतले टॉवेल काढायला हवेत. चिरंजीव क्रिकेटला गेलेत, म्हणजे आज तीही पाळी माझीच!