छावणी : ढोरांची आणि बातमीतली

२०१९ च्या रमजानची गोष्ट. मे महिना, आष्टी तालुक्यातलं ऊन. चाचा दोन बैल आणि एक गाय घेऊन गावाबाहेरच्या चारा छावणीत राहायला गेले होते. मी शहरातून फोन केला आणि म्हणालो, "चाचा, पेपरात आलंय, शहराला छावणीचं स्वरूप आलंय." ते म्हणाले, "कौनसी छावनी? ढोरां की, कि पुलिस की?"

मी हसलो खरा, पण हा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

छावणे म्हणजे छप्पर घालणे. पावसाळ्यात मोहिमा थांबत, फौजा एका जागी छप्पर टाकून मुक्काम करत, ती छावणी. पुढे इंग्रजी अमलात कायमच्या लष्करी वस्तीलाही तेच नाव मिळालं. औरंगाबादला छावणी हे नाव आजही आहे. आपल्या बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई, म्हणजे निजामाच्या काळातलं मोमिनाबाद, हेही हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचं ठाणं होतं. १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी फौजेत विलीन झाली.

मग हा शब्द ढोरांकडे आला. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात जागोजागी चारा छावण्या उघडल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सर्वात जास्त छावण्या बीड जिल्ह्यात होत्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये अनुदान होतं, पुढे ते १०० झालं. चाचांना दुसरा रस्ताही नव्हता. २०१५ च्या कायद्यानंतर बैल कत्तलीसाठी विकता येत नव्हता आणि चाराच नाही तर पाळायला घेणार कोण?

एका संध्याकाळी मी तिथे गेलो. शेडनेटखाली ओळीने जनावरं, शेजारी बाजा, चुली, पाण्याच्या टाक्या. चाचांच्या एका बाजूला वंजारी कुटुंब, दुसऱ्या बाजूला मराठा. इफ्तारची वेळ झाली तेव्हा शेजारच्या मावशींनी तांब्याभर पाणी आणि कलिंगडाच्या फोडी आणून ठेवल्या. "भाऊ, आधी रोजा सोडा, वैरण मी टाकते," म्हणाल्या. चाचा उठेपर्यंत त्यांनी बैलांपुढे उसाची वाढं टाकलीही होती.

दुसऱ्या दिवशी एसटीत पेपर उघडला. एका पानावर छावणीची बातमी होती: खोटी जनावरं दाखवून बिलं काढल्याचा आरोप. अशी बातमी यायलाच हवी, चोरी झाली असेल तर ती ढोरांच्या तोंडचीच आहे. त्याच अंकात दुसऱ्या पानावर कुठल्याशा बंदोबस्ताची बातमी, "परिसराला छावणीचे स्वरूप". एका छावणीत घोटाळा, दुसरीत भीती. मी पाहिलेली छावणी दोन्ही पानांवर नव्हती.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. सण असो, मिरवणूक असो, निवडणूक असो, आमच्या मोहल्ल्याला वर्षातून दोन-तीनदा हे "स्वरूप" येतं. प्रत्यक्षात चौकात एक व्हॅन, आठ-दहा पोलीस आणि त्यांना चहा नेऊन देणारी पोरं असतात. पण लांबच्या गावात बातमी वाचणाऱ्याला वाटतं, तिथे लढाईच चालू आहे. तो आमच्याकडे यायला कचरतो, खोली भाड्याने द्यायला कचरतो.

पोलिसांचा बंदोबस्त लिहू नका, असं मी म्हणत नाही. किती पोलीस, कोणत्या रस्त्यावर, कशासाठी, ते लिहा. आकडा लिहिला की वाचणारा स्वतः ठरवतो. "छावणीचे स्वरूप" लिहिलं की आपण त्याच्या वतीने ठरवून टाकतो.

आणि हा शब्द वापरायचाच असेल, तर बीडच्या माणसाला आधी विचारा. त्याला छावणी म्हटलं की बंदुका आठवत नाहीत. वैरण आठवते, पाणी आठवतं आणि त्या उन्हाळ्यात शेजारी कोण होतं तेही आठवतं.

चाचांचे दोन्ही बैल त्या वर्षी वाचले.