काठी, साखळी आणि संगणकावरची रेघ

सुरतेत शिवाजी महाराजांचा विषय निघाला की शेजारीपाजारी आपल्याला १६६४ साल ऐकवतात. आपणही हसून ऐकून घेतो. महाराजांच्या कारभारातली जमीन मोजणी मात्र सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे आणि रोजचा संबंध नकाशांशी. त्यामुळे मला त्या मोजणीचेच कुतूहल अधिक.

अण्णाजी दत्तोंच्या हातून झालेल्या त्या मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची, म्हणजे ८२ तसूंची होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. ही वीसाची रीत त्याहूनही जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त दहा हातांचा एक वंश सांगितला आहे आणि वीस वंश बाजू असलेल्या चौरसाला निवर्तन म्हटले आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. सुरतेतल्या आपल्या खानदेशी मंडळींना तो भाग परका नाही.

इंग्रजी अमलात काठीची जागा साखळीने घेतली. पुणे भागात प्रिंगल यांची १८२७ नंतरची मोजणी फसली. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम केले आणि त्यातून मुंबई इलाख्याची मोजणीपद्धत तयार झाली. पुढे तीच पद्धत गुजरातच्या इंग्रजी जिल्ह्यांत, म्हणजे आपल्या सुरत जिल्ह्यातही आली. साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा, म्हणून ती आणे साखळी. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुजरातेत विघा भागाभागात बदलतो, पण गुंठा बदलत नाही, कारण त्याच्यामागे ही साखळी आहे. आज आपण प्लॉटचा भाव वारात विचारतो, त्या हिशेबाने गुंठ्याचे १२१ वार होतात.

या पद्धतीतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे टिपण. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळीने पायाची रेषा धरायची. त्या रेषेवरून चालत जायचे आणि जिथे बाजूचा एखादा कोपरा बरोबर काटकोनात दिसेल, तिथे थांबून त्याचे अंतर मोजायचे. काटकोन पाहायला लाकडी शंकू असे, म्हणून या कामाला शंकू साखळीची मोजणी म्हणतात. टिपणातली आकृती हाताने काढलेली, ओबडधोबड असते. ती प्रमाणात नसते आणि तशी असण्याची गरजही नसते. तिच्यावर लिहिलेले आकडे खरे असतात. त्या आकड्यांवरून शंभर वर्षांनंतरही शेताची तीच आकृती पुन्हा उभी करता येते.

गावाच्या नकाशाचे तसे नाही. तो एका मैलाला आठ इंच या प्रमाणात काढलेला असे, म्हणजे जमिनीवरचे ७९२० इंच कागदावर एका इंचात बसवलेले. अशा नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. शेत कोणत्या दिशेला आणि कोणाच्या शेजारी आहे, हे या नकाशावरून कळते. बांध नेमका कुठे आहे, हे सांगण्यासाठी तो केलेलाच नाही.

संगणक आला तेव्हा या दोन कागदांसारखीच दोन प्रकारची सॉफ्टवेअर आली. १९८२ साली बाजारात आलेले ऑटोकॅड हे इंजिनिअरांचे. त्यात रेघ आकड्याने ओढली जाते. लांबी टाका, कोन टाका, रेघ तयार. पण ती जागा पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहे आणि तिचा सर्व्हे नंबर काय, हे सांगण्याचे काम त्या रेघेचे नसते. नकाशाची जीआयएस सॉफ्टवेअर याच्या उलट. त्यांना ठिकाण, नंबर, मालक सगळे ठाऊक. रेघ मात्र बहुतेक वेळा स्कॅन केलेल्या नकाशावर माउस फिरवून गिरवायची. म्हणजे चार मीटर जाडीच्या रेघेवर आपल्या हाताचा कंप आणखी वर. काम कॅडमध्ये करून मग जीआयएसमध्ये आणावे, तर त्या ने-आणीत वळणांचे तुकडे होतात आणि ठिकाण हरवते.

हे अंतर कमी करण्याचे मोठे काम एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये झाले. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ साली क्वांटम जीआयएस सुरू केले, आज ते क्यूजीआयएस म्हणून ओळखले जाते. ते मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याचा आतला मजकूर सर्वांना खुला असतो, ज्याला जमेल तो त्यात भर घालतो, आणि ज्या संस्थेला गरज असेल ती पैसे देऊन काम करवून घेते व फळ सगळ्यांना मिळते. वर्गणी आणि श्रमदानावर उभ्या राहणाऱ्या मंडळांना ही रीत समजावून सांगायला नको. कॅडसारखी आकडे टाकण्याची सोय आधी ‘कॅडइनपुट’ नावाची जोडणी म्हणून आली आणि फेब्रुवारी २०१५ च्या २.८ आवृत्तीत मुख्य सॉफ्टवेअरचाच भाग झाली. २०१८ च्या ३.० आवृत्तीत वर्तुळ, आयत, लंबवर्तुळ काढण्याची साधनेही आली.

या सोयीत पडद्याच्या बाजूला अंतर, कोन, एक्स आणि वाय अशी खाती दिसतात. आकडा टाकून खात्याला कुलूप लावले की माउस कितीही हलला तरी रेघ त्या मापाबाहेर जात नाही. आधीच्या रेषेला काटकोनात किंवा समांतर जाण्याचीही सोय आहे, आणि शेवटी नकाशात न उरणाऱ्या मदतीच्या रेघाही ओढता येतात. पायाची रेषा घ्या, तिच्यावर अमुक अंतरावर थांबा, काटकोनात वळा, अंतर टाका आणि कोपरा पक्का करा. शंकू साखळीवाल्याने उन्हात उभे राहून जे केले, तेच हे. टिपणातले आकडे थेट नकाशावर उतरवता येतात, गिरवावे लागत नाहीत.

सुरतेत याचे मोल रुपयांत मोजता येते. मुंबई नगररचना कायदा १९१५ चा आणि गुजरातचा सध्याचा १९७६ चा. त्यांच्या टीपी स्कीममध्ये मालकाचा मूळ प्लॉट घेतला जातो, रस्ते, बागा, शाळांसाठी त्यातला काही भाग वजा होतो आणि उरलेला फायनल प्लॉट म्हणून परत मिळतो. वजाबाकी मूळ क्षेत्रातून होते. तीस मीटर लांबीची हद्द चार मीटर सरकली की १२० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याहून अधिक जमीन इकडची तिकडे जाते. दिंडोली किंवा वेसूत तेवढ्यात एक घर उभे राहते.

पण एक सावधगिरी हवी. संगणक कोणताही आकडा सहा दशांशांपर्यंत दाखवतो. मूळ साखळीचा एक आणाच दोन फूट पाऊण इंचांचा होता, आणि ओढून ओढून साखळी ताणतही असे. पडद्यावरचे दशांश पाहून बांध तितकाच नेमका आहे असे समजू नये. वाद असेल तर जागेवर जाऊन मोजणी करावीच लागते, आणि तेव्हाही टिपण पुढ्यात ठेवावे लागते.

म्हणून आपल्या कुटुंबात धुळे-जळगावकडची किंवा इथली शेतजमीन असेल, तर सातबारा आहे एवढ्यावर थांबू नका. सातबारा मालक आणि क्षेत्र सांगतो, आकार सांगत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून टिपणाची नक्कल घ्या आणि ती वाचायला घरातल्या मुलांना शिकवा. संगणकावर रेघ ओढणे त्यांना येतेच; कोणत्या आकड्याने ओढायची, ते त्या नकलेत लिहिलेले आहे.