सुभद्रेचं काम बाईनं करायचं ठरवलं तेव्हा

गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटात एका कर्जावरून बराच वाद झाला. शेळी नाही, शिलाई मशीन नाही, पेटी. बाजाची पेटी. आमच्या एका सदस्य ताईंची मुलगी तालुक्याच्या गावी गाणं शिकते. यंदा तिला एका संगीत नाटकात काम मिळालं, राज्य नाट्य स्पर्धेसाठी. घरी सरावाला पेटी हवी म्हणून ताईंनी बारा हजारांची मागणी ठेवली. गटातल्या एक आक्का म्हणाल्या, "पोरीला नाटकात नाचवायला बचतीचा पैसा द्यायचा?" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

घरी येताना आम्ही ठरवलं, की आक्कांना उलट बोलण्याआधी जरा मागं जाऊन बघू. नाटकात गाणारी मुलगी आपल्याकडं आली कुठून? तिनं पोट कसं भरलं? शोधलं ते आज तुम्हाला सांगतो.

मराठी संगीत नाटकाची सुरुवात अण्णासाहेब किर्लोस्करांपासून धरतात. 1880 साली पुण्यात त्यांचं 'शाकुंतल' झालं, 1882 साली 'सौभद्र'. शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी अशा साऱ्या बायकाच बायका या नाटकांत, पण रंगमंचावर एकही बाई नव्हती. ती कामं मुलगे करायचे.

मुलग्यांसाठी ही चक्क एक वाट होती. गोड गळ्याचा पोरगा दिसला की नाटक मंडळी त्याला घेऊन जायची. जेवणखाण मंडळीचं, राहणं मंडळीच्या बिऱ्हाडात, गाण्याची तालीमही तिथंच. गरिबाच्या घरचं एक तोंड कमी व्हायचं आणि पोराला कलाही मिळायची. कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी लहानपणी असेच नाटकात गेले आणि 1908 साली, अठराव्या वर्षी, त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आला. त्यालाच आपण बालगंधर्व म्हणतो. त्यांच्यासारखी साडी, त्यांच्यासारखी नथ, त्यांच्यासारखं केसांत फूल माळायची हौस त्या काळच्या बायकांना होती. आम्हाला याचं हसूही आलं आणि थोडा रागही आला. बाईनं कसं दिसावं, कसं लाजावं हे पुरुषानं रंगमंचावर दाखवायचं, ते बघून बायकांनी घरी तसं नेसायचं, आणि त्याच बाईनं त्या रंगमंचावर पाऊल ठेवलं तर तिची अब्रू जायची.

बायका अगदीच नव्हत्या असं नाही. फक्त स्त्रियांच्याही नाटक मंडळ्या होत्या, त्यात मिशा लावून पुरुषांची कामंही बायकाच करायच्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई नाटकातून आल्या आणि 1913 साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात दोघींनी काम केलं. त्याच फाळक्यांना त्याच वर्षीच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती व्हायला एक बाई मिळाली नव्हती, शेवटी तारामती पुरुषानंच केली. पण स्त्री आणि पुरुष एका मंडळीत, एका नाटकात, लोकांनी मान द्यावा अशा रीतीनं, हे अजून व्हायचं होतं.

आता हिराबाईंची गोष्ट.

हिराबाईंचा जन्म 1905 सालचा, मिरजेचा. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, किराणा घराण्याचे थोर गवई. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. दोघं बडोदं सोडून निघून आलेली. पाच मुलं झाली, आणि पुढं एक दिवस ताराबाई पाचही मुलांना घेऊन नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावंसुद्धा बदलली. थोरले सुरेशबाबू झाले, आईचं माने आडनाव लावलं. चंपाकलीची हिराबाई झाली, आणि आईच्या गावावरून बडोदेकर. धाकटी सकीना पुढं सरस्वती राणे म्हणून ओळखली गेली. शंभर वर्षांपूर्वी पाच लेकरं पदरात घेऊन एकटी बाई. तिनं काय केलं असेल? तिच्याकडं शेत नव्हतं, नोकरी नव्हती. घरात होते फक्त मुलांचे गळे.

मुलींनी गाण्याला पोटाचं साधन करावं हे खाँसाहेबांना पसंत नव्हतं, असं सांगतात. पण हिराबाई शिकल्या. थोरल्या भावाकडं शिकल्या, मग उस्ताद वहीद खाँ यांच्याकडं. तिकीट लावून जाहीर जलसा करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिका म्हणून त्यांचं नाव घेतात. आज यात काय मोठं असं वाटेल. तोवर गाणाऱ्या बाईला धनिकाच्या दिवाणखान्यात बोलावलं जायचं, पैसे तिच्यापुढं टाकले जायचे, आणि किती टाकायचे ते ऐकणारा ठरवायचा. तिकिटाचं तसं नाही. दर बाहेर पाटीवर लिहिलेला, ज्याला ऐकायचंय त्यानं पैसे देऊन खुर्चीवर बसायचं. हिराबाई साध्या साडीत, हातवारे न करता शांत बसून गायच्या. आपल्या मालाचा भाव आपण लावायचा म्हणून आपण गटात किती डोकं फोडतो, तेव्हा ही बाई आपल्याला जवळची वाटते.

1929च्या सुमारास या घरानं नाटक कंपनी काढली. वय बघा, हिराबाई चोवीस वर्षांच्या. आई पाठीशी, भाऊ बरोबर, बहिणी कमलाबाई आणि सरस्वती रंगमंचावर. नियम एकच आणि साधा: बाईचं काम बाई करणार, पुरुषाचं पुरुष. 'सौभद्र'मध्ये हिराबाई स्वतः सुभद्रा झाल्या. ज्या सुभद्रेला जवळजवळ पन्नास वर्षं पुरुषांनी नेसवलं, गाववलं, तिला आता बाईचा आवाज मिळत होता. लोकांनी वाहवा केली, तशी नावंही ठेवलीच असणार, त्याची कल्पना आम्हाला आमच्या बैठकीवरून आली.

पण नाटक कंपनी म्हणजे नुसतं गाणं नव्हे. पडदे, कपडे, साथीदार, स्वयंपाकी, गावोगावचं भाडं, रेल्वेचं भाडं. पाऊस पडला की गल्ला रिकामा, आणि माणसांची पोटं मात्र रोज भरायची. त्यातच बोलपट आले. 1932 साली मराठीत 'अयोध्येचा राजा' आला आणि लोक तिकडं वळले. मोठमोठ्या कंपन्या कर्जात गेल्या. बालगंधर्वांचीसुद्धा सुटली नाही, त्यांच्या हौशी खर्चाच्या गोष्टी तर आजही सांगतात. हिराबाईंची कंपनीही काही वर्षांत बंद झाली आणि मागं कर्ज राहिलं.

इथं आम्ही वाचता वाचता थांबलो. कर्ज म्हटलं की आपले कान टवकारतातच. हिराबाईंनी ते बुडवलं नाही. जलसे करून, गावोगाव गाऊन फेडलं. पुढं 1970 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, प्रभा अत्र्यांसारखी शिष्या त्यांच्या घरात तयार झाली, आणि प्रभाताईंनीही उमेदीच्या काळात संगीत नाटकांत कामं केली. हे सगळं मोठंच. पण आम्हाला विचाराल तर त्या कर्जफेडीच्या वर्षांबद्दल कुणी तरी नीट लिहायला हवं होतं. कोणत्या गावी किती मिळाले, घरी किती दिले, देणेकऱ्याला किती दिले. आपल्या गटाचा हिशेबनीस असता तर वही तरी राहिली असती.

हिराबाईंनी दार उघडलं आणि मागून मुली आल्या. गोव्याच्या बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये उभ्या राहिल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. 1942 साली त्यांचं 'कुलवधू' गाजलं. कमावती नटी बायको आणि तिचा नवरा यांच्यातला ताण हाच त्या नाटकाचा विषय आहे. बायकोच्या कमाईवरून घरात काय होतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना नाटक न बघताही माहीत आहे.

आता एक अवघड गोष्ट बोलायला हवी. हिराबाई, ज्योत्स्नाबाई यांना मान मिळाला, तो त्यांनी कष्टानं मिळवला. पण त्याच काळात आपल्या गावच्या जत्रेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईला तो मिळाला नाही. तमाशातही गाणं आहे, वग म्हणजे नाटकच आहे, विनोद आहे, पाठांतर आहे. मग फरक कशाचा? जातीचा होता, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर 1935 साली पंढरपुरात जन्मल्या. वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापू हा नावाजलेला फड. पोर चालायला लागली ती फडातच. शाळा नाही, पण लावणी, गवळण, वगातले संवाद सगळं अंगात मुरलेलं. त्यांची एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर होत्या, कळा सुरू झाल्या, त्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढं आल्या. ही गोष्ट सांगताना लोक कौतुकानं सांगतात. आम्हाला मात्र दर वेळी एकच प्रश्न पडतो. नवव्या महिन्यात त्या बाईला उभं राहावं लागलं, ते कशामुळं? फडावर किती माणसांची पोटं होती म्हणून?

तमाशाचा हिशेब आपल्याला लगेच कळेल, कारण तो ऊसतोडीसारखा आहे. जत्रेचा हंगाम जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, सुपारी ठरते. कलावंतानं मात्र पावसाळ्यातच फडमालकाकडून उचल घेतलेली असते, कारण पावसाळ्यात खेळ नाहीत आणि चूल तर पेटायलाच हवी. म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच त्याचे पैसे खर्च झालेले. मालकही सुखी नसतो, तो सावकाराच्या दारात. विठाबाईंना 1957 साली आणि पुन्हा 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरी म्हातारपण पैशाच्या ओढीत गेलं. 2002 साली त्या वारल्या. आता त्यांच्या नावानं सरकार दरवर्षी तमाशा कलावंताला पुरस्कार देतं. त्यांची लेक मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला.

या दोन वाटा एका नाटकात भेटलेल्या आम्हाला सापडल्या. 1972 सालचं विद्याधर गोखल्यांचं 'स्वरसम्राज्ञी'. तमाशात गाणारी मैना शास्त्रीय संगीताची गायिका होते, अशी त्याची गोष्ट. मैना झालेल्या कीर्ती शिलेदार तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या आई जयमालाबाई आणि वडील जयराम शिलेदार यांनी 1949 साली 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली. या घरात स्वयंपाकाबरोबर तालीम, तालमीबरोबर हिशेब. बोलपट आले, रेडिओ आला, टीव्ही आला, तरी या घरानं संगीत नाटक सोडलं नाही. 2018 साली कीर्तीताई नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली ती 2013 साली, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. इतका उशीर कशाला करतात कोण जाणे.

आक्कांना वाटतं संगीत नाटक संपलं. संपलं नाही. 2017 साली 'संगीत देवबाभळी' आलं. तुकोबांची आवली आणि विठोबाची रखुमाई, फक्त दोन बायका रंगमंचावर. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोन तरुण मुलींनी ते नाटक गाऊन पेललं. आवलीच्या पायात काटा रुततो, नवरा देवाच्या नादी, संसार तिच्या अंगावर. आपल्या गटातल्या कोणत्या बाईला ही आवली अनोळखी वाटेल?

तर हे सगळं घेऊन आम्ही पुढच्या बैठकीला गेलो. हिराबाईंची गोष्ट सांगितली, कर्जाची तर दोनदा सांगितली. विठाबाईंची सांगितली तेव्हा आक्का गप्प झाल्या, कारण लहानपणी जत्रेत त्यांनी विठाबाईंना बघितलं होतं. चोरून, बैलगाडीखाली बसून. हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

मुलीलाही बोलावलं होतं. आम्ही तिला विचारलं, पुढं काय करणार? ती म्हणाली, नुसत्या नाटकावर लगेच पोट भरणार नाही हे तिला माहीत आहे. गाण्याच्या परीक्षा देणार, लहान मुलांचे वर्ग घेणार, पदवी पूर्ण करणार, आणि नाटक सोडणार नाही. तालमीला जायची-यायची एसटी कितीची, रात्रीची तालीम असली की मुक्काम कुठं, बरोबर कोण, हे आम्ही खोदून खोदून विचारलं. तिनं सगळं सांगितलं. मुक्कामाचं उत्तर आम्हाला पटलं नाही, म्हणून रात्रीच्या तालमीला आळीपाळीनं गटातली एक जण बरोबर जाईल असं ठरलं.

कर्ज मंजूर झालं. बारा हप्ते, व्याज नेहमीचंच. आक्कांनी एक अट घातली: पुढं कधी मानधन मिळालं तर ते बापाच्या नाही, भावाच्या नाही, पोरीच्या स्वतःच्या नावच्या खात्यात जमा व्हायला हवं. ठरावात आम्ही ते तसंच लिहून घेतलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या, दोघींचे अंगठे.

पेटी जुनी घेतली. एक पट्टी दाबली की तशीच दाबलेली राहते म्हणे. दुरुस्तीचे पैसे वेगळे लागणार आहेत, ते पुढच्या महिन्याच्या बैठकीत बघू.